बाच्या विहिरीचं पाणी

विद्याधर नगर, जयपूर
८ ऑक्टोबर २००६

चि. संकल्प,
आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

हात गौतमीचा आहे, तोंड माझं. तुझी बहीण हिंदी शाळेत शिकलेली, तेव्हा मध्येच ‘मतलब’ आलं तर ते तिचं. शिवी आली तर ती माझी समज.

तुझ्या कॅम्पात टॉवर नाही म्हणे. तालुक्याला गेलास की आईला फोन करतोस अन् शेवटी म्हणतोस, “आजीला नमस्कार सांग.” भाजीवर कोथिंबीर फुकट मिळते, तसला नमस्कार मला नको. पत्र लिही. भूगर्भाचं एवढं शिकलास, दोन ओळी वर यायला काय लागतं?

सरकारला एवढा देश पडला होता, पण पोराला धाडलं नेमकं माझ्या माहेराला. दगडपारडी तुझ्या कॅम्पापासून दोन कोसही नसेल. तिथं माझा धाकटा भाऊ दौलत आहे, तुझा मामाआजोबा. कानानं पार गेलाय, म्हणून त्याला फोन कामाचा नाही. पण चौथी शिकलाय, पत्र वाचतो अन् लिहितो. आमच्या बानं त्याला शाळेत घातलं अन् मला विहिरीवर.

तो किस्सा तुला माहीत आहे, तरी ऐक. गावच्या विहिरीवर आपल्या लोकांना हात लावू देत नव्हते. कोणाला दया आली तर वरून ओतायचे, आपण खाली ओंजळ धरायची. नदीकाठची काळी जमीन गावाची, वरचा खडकाळ माळ आपला. त्या माळावर बानं तीन उन्हाळे विहीर खणली. बा खाली, मी टोपली घेऊन वर. मी नऊ-दहा वर्षांची असेन. लोक हसायचे, खडकात पाणी लागतं का म्हणून. पार तळाशी लाल दगड संपून काळा-गुलाबी दगड लागला, अन् त्या दोन दगडांच्या सांध्यातून पाणी फुटलं. त्याच कामात दगडाची एक कपची उडून माझ्या उजव्या अंगठ्यावर आडवी खूण राहिली. पेन्शनच्या कागदावर तोच अंगठा उमटतो. बँकेतला बाबू म्हणतो, “माताजी, ठीक से लगाइए.” मी म्हणते, ठीकच आहे जी, अंगठाच चिरलेला आहे.

तर आता जा. दौलतच्या हातचं त्या विहिरीचं पाणी पी, अन् कसं लागलं ते मला लिही. एवढं एकच काम.

तुझी आजी
(अंगठा)

*

कॅम्प
२९ ऑक्टोबर २००६

प्रिय आजी,
जयभीम.

गेलो होतो. मामाआजोबा अगदी तुझ्यासारखे दिसतात, फक्त कमी बोलतात. मी ओरडून बोलायचो आणि ते हसून भलतंच उत्तर द्यायचे. विहीर पाहिली. पाणी तू म्हणतेस तसंच, गोड.

मी नेमकं काय करतो हे तू नेहमी विचारतेस. सोपं करून सांगतो. इथे फार फार पूर्वी उथळ समुद्र होता. त्यात वाळू, गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याचा खडक झाला. त्या सगळ्या थरांच्या खाली त्याहूनही जुना, कठीण दगड आहे. म्हणजे खाटेवर गोधड्या टाकाव्यात तसं. आम्हाला जे हवं आहे, युरेनियम, ते बहुतेक खाट आणि सगळ्यात खालची गोधडी यांच्या मधल्या फटीत साठतं. पाणी त्या फटीतून फिरतं आणि त्याला गोळा करतं. त्याच्यापासून वीज होते. सापडलं तर देशाला फार मोठा उपयोग.

माझं प्रोबेशन मार्चपर्यंत आहे. चांगली जागा हाती लागली तर कायम होईन.

तुझा
संकल्प

*

दगडपारडी
१२ नोव्हेंबर २००६

ती. भागूबाईस दौलतचा सादर जयभीम.

बाई, तुझा नातू आला होता. उंच झाला, भाऊजींसारखा. माळावर सगळी पोरं गोळा झाली. त्याच्याजवळ एक पेटी आहे, ती टिकटिक करते म्हणे. कोण काय बोललं, काय वाजलं, ते सूनबाई मला पाटीवर लिहून दाखवते. वावरात हळूहळू करत होती. आपल्या विहिरीच्या कठड्याजवळ नेली तर रातकिड्यासारखी कडकडा वाजू लागली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

आता खरी गोष्ट ऐक. मागच्या हिवाळ्यात त्यांची माणसं येऊन चाळीसेक विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली होती. गावाची विहीर, पाटलाच्या वावरातली, नदीकाठच्या साऱ्या. त्यातून सरकारनं एकच निवडली, ती आपल्या बाची! त्याचा मोठा साहेब स्वतः म्हणाला, या विहिरीसारखं पाणी कुठंच नाही. बा असता तर नाचला असता. ज्या पाण्याचा थेंब अंगावर उडाला तर लोक आंघोळ करायचे, ते पाणी सरकारनं पहिलं काढलं.

आता त्यांना विहिरीला लागून माझ्या वावरात मोठं यंत्र लावायचं आहे, खोल भोक पाडायला. माझी सही पाहिजे. तू सांगशील तसं करीन. खणलं बानं अन् तू, मी नुसतं पाणी प्यालो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. पोरगा पाणी प्याला नाही. मी तांब्या भरून दिला तर म्हणाला, पोट बिघडलंय, अन् पिशवीतून स्वतःची बाटली काढली. चहा केला, तोही नाही घेतला. शहरातलं पोट, नाजूक असतं. तू मनावर घेऊ नको.

दौलत

*

विद्याधर नगर, जयपूर
२६ नोव्हेंबर २००६

संकल्प साहेब बहादूर,

दौलतचं पत्र आलं. गौतमीनं वाचलं. दोनदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं पोरगी मराठी चुकली.

पाणी गोड होतं म्हणतोस. न पिता कळलं? कमाल आहे बापा तुझ्या शिक्षणाची. ढेकूण शोधायला गेलास (खाट अन् गोधडीच्या फटीत दुसरं काय असतं?) अन् जिभेशिवाय चव घ्यायला शिकलास.

तू दहा वर्षांचा होतास तेव्हा आपण कानोत्याच्या बंधाऱ्यावर सहलीला गेलो होतो. आठवतं? वाटेत एका घरी पाणी मागितलं. बाईनं आधी आडनाव विचारलं, मग वरून ओतलं. तू मला विचारलंस, “आजी, हिच्याकडे ग्लास नाही का?” मी म्हणाले, फुटला असेल. तुझी सहल बिघडू नये म्हणून मी खोटं बोलले. ग्लास फुटला नव्हता, पोरा.

दौलतनं तांब्या पुढं केला अन् तू पिशवीतून बाटली काढलीस. त्या बाईत अन् तुझ्यात मला फरक सांग. तिनं निदान ओतलं तरी. साहेब झालास की माळावरच्या लोकांच्या हातचं चालेनासं होतं का? तुझा आजोबा रेल्वेच्या रुळावर घण मारायचा, सगळे गँगमन एकाच मडक्यातलं प्यायचे. त्याच्या घामावर तुझा बाप शिकला, बापावर तू.

गौतमी म्हणते, “आजी, इतना मत सुनाओ.” मी म्हटलं लिही.

जा अन् पिऊन ये.

आजी

*

कॅम्प
२० डिसेंबर २००६

प्रिय आजी,

तू मला त्या बाईच्या रांगेत बसवलंस. चार दिवस मला काम सुचलं नाही. तसं काहीही नाही. मला कोणाची लाज वाटत नाही, तुझ्या माहेराची तर नाहीच. पोट खरंच बिघडलं होतं. आणि तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं की गोड होतं. तूच म्हणतेस, तूही माझ्यासाठी एकदा खोटं बोललीस.

मामाआजोबा सहीसाठी तुझ्या शब्दाची वाट बघत आहेत. आमच्या वरिष्ठांची घाई आहे. सगळ्या भागात हीच जागा सर्वांत चांगली निघाली आहे. मी जानेवारीत नमुने घेऊन जयपूरच्या कार्यालयात येणार आहे. तेव्हा तू सांग, मीच तुझं पत्र लिहीन. गौतमीचं तरी अक्षर वाचता येतं का कोणाला!

संकल्प

*

विद्याधर नगर, जयपूर
१४ जानेवारी २००७

प्रिय बंधू दौलत यांस,
सप्रेम जयभीम.

आपले पत्र मिळाले. आनंद झाला. माझी प्रकृती उत्तम आहे. चि. संकल्प येथे आला आहे.

आपल्या शेतात विहिरीशेजारी करावयाच्या खोदकामास माझी पूर्ण संमती आहे. हे देशाचे काम आहे. यंत्रामुळे विहिरीच्या पाण्यास कोणताही अपाय होणार नाही, अशी खात्री चि. संकल्पने दिली आहे. तरी आपण निःशंक मनाने सही करावी.

कळावे, लोभ असावा.

आपली बहीण
भागूबाई
(अंगठा)

*

दगडपारडी
२० एप्रिल २००७

ती. भागूबाईस दौलतचा सादर जयभीम.

बाई, तुझं पत्र मिळालं तेव्हाच सही करून दिली. पत्र वाचून जरा घाबरलो होतो. एकही टोमणा नाही. मी सूनबाईला म्हटलं, बाई आजारी दिसते. पण खाली अंगठा बघितला, त्याच्यावरची आडवी खूण बघितली, अन् निर्धास्त झालो. कागद कोणीही लिहील, ती खूण कोण आणणार?

दोन महिने यंत्र चाललं. काकडीसारखे गोल लांब दगड काढून पेट्यांत भरून नेले. आता सगळे गेले. सिमेंटचा एक खांब रोवून गेलेत, त्यावर नंबर आहे. तुझा नातू निघताना माझ्या पाया पडला अन् विहिरीकडे बघत उभाच राहिला.

आता मी जे लिहितो ते नीट बसून ऐक. या चौदा तारखेला जयंती झाली. मिरवणूक विहिरीपाशी आली. सरपंच दर वर्षी वेशीवरूनच हात जोडून जातो. औंदा तो वर माळावर आला. म्हणाला, सरकारनं चाळीस विहिरींतून हिलाच पहिला नंबर दिला, मग आम्ही का मागं राहायचं? अन् सगळ्यांसमोर त्यानं माझ्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला अन् प्याला. वरून नाही ओतून घेतलं. तोंडाला लावून! मग त्याच्या मागची पंचवीस-तीस माणसं प्याली. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया हंडे घेऊन येतात. सत्तर वर्षं लागली बाई. मी विहिरीच्या कठड्यावर बसून पोरासारखा रडलो.

सारखी तुझी आठवण झाली. तू लिहिलंस पाण्याला काही होणार नाही, तसंच झालं. अजून दुप्पट गोड लागतं.

माझे पाय थोडे सुजतात. तालुक्याचा डॉक्टर म्हणतो मूत्रपिंड थकलं. वय झालं, चालायचंच.

दौलत

*

विद्याधर नगर, जयपूर
२ मे २००७

संकल्प,

हे पत्र गौतमी लिहिते आहे. गोपालपुऱ्याचा तिचा क्लास बुडवून बसवली आहे. मी बोलते ते सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही, अशी तिला बाबासाहेबांच्या फोटोकडे हात करून शपथ घातली आहे. पूर्वी अशी गरज नव्हती.

संक्रांतीचा दिवस आठव. जयपुरात त्या दिवशी माणूस जमिनीवर राहत नाही. तुझे आईबाप अन् गौतमी गच्चीवर पतंगात. सगळीकडे “वो काटा, वो काटा” चाललं होतं. खाली घरात आपण दोघं. तू पाटावर बसलास, मी सांगितलं. मी सांगितलेलं मला शब्दाला शब्द पाठ आहे. मी अक्षर शिकले नाही, त्यामुळे मला विसरायची सोय नाही.

मी सांगितलं होतं: “दौलत, हा पोरगा माझ्या तोंडावर खोटं बोलला. यंत्राचं मला काही कळत नाही. तू याला आधी आपल्या विहिरीचं पाणी पाज. तुझ्यासमोर तांब्याभर प्याला तर सही कर. नाही प्याला तर त्याचं यंत्र अन् तो, दोघांना टेकडीखाली घालव. माझा नातू आहे म्हणून लाजू नको.”

तू मान खाली घालून लिहीत होतास. मी म्हटलं, वाचून दाखव. तू वाचलंस. हेच वाचलंस! मला वाटलं, पोरगा मर्द आहे, आपल्याच विरुद्ध लिहितोय. कौतुक वाटलं. शाई लावून अंगठा दिला.

आता दौलत लिहितो की पत्रात एकही टोमणा नव्हता. गौतमीनं ती ओळ वाचली अन् मला कळलं. कागदावर एक होतं, तुझ्या तोंडात दुसरं. खाली अंगठा माझा.

मी मूर्ख. मला इतके महिने वाटत होतं की तुला आपल्या लोकांची किळस येते. म्हणून प्याला नाहीस. काल सकाळी मी स्वयंपाकघरात पाणी शुद्ध झालं की लागतो तो फिल्टरचा हिरवा दिवा बघत बसले होते अन् मनात आलं: किळस आली असती तर तू पत्र बदललं नसतंस. किळस लपवायला एवढा उद्योग कोणी करत नाही. तू घाबरला होतास.

पाण्यात काय आहे?

(दादा, आजी रडत नाहीये. चहा तसाच ठेवलाय. जल्दी लिख. – गौ.)

*

नवा कॅम्प
२१ मे २००७

आजी,

पाण्यात युरेनियम आहे.

खाट आणि गोधडीच्या फटीबद्दल मी तुला लिहिलं होतं. तुझ्या बांनी विहीर बरोबर त्या फटीपर्यंत खणली. काळी जमीन मिळाली असती तर वीस हातांवर पाणी लागलं असतं आणि ते थांबले असते. माळ मिळाला म्हणून ते तळापर्यंत गेले. जमिनीखालचा धातू शोधायचा तर आम्ही आधी विहिरींचं पाणी तपासतो. ज्या पाण्यात तो जास्त उतरतो तिथे जवळपास खडकात तो असतो. चाळीस विहिरींत हिच्यात सगळ्यात जास्त होतं. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. वरिष्ठ मामाआजोबांना म्हणाले की असं पाणी कुठंच नाही, ते खरंच होतं. मामाआजोबा खुश झाले आणि आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा आकडे मला माहीत होते. म्हणून प्यालो नाही.

रोज पिऊन ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. मामाआजोबांचे पाय त्यामुळेच सुजतात का, हे मला सांगता येणार नाही, कोणालाच नक्की सांगता येणार नाही. मी वरिष्ठांना विचारलं होतं, गावाला कळवायचं का. ते म्हणाले, आपलं काम दगड शोधायचं, पाणी वाटायचं नाही. आकडे वर जातील, वरचे जिल्ह्याला कळवतील. मी एकदा लेखी दिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा दिलं नाही. प्रोबेशन होतं. गाव बिथरलं असतं तर यंत्र लागलं नसतं, आणि सगळ्या भागात तीच एक जागा होती.

तुझं पत्र मी बदललं. यंत्रामुळे पाण्याला अपाय होणार नाही, हे वाक्य खोटं नाही. मी ते फार विचार करून लिहिलं होतं. तेच सगळ्यात वाईट आहे, मला कळतं.

कृपा करून अजून महिनाभर थांब. मी कायम झाल्याचा आदेश तेवढ्यात येईल. त्यानंतर मी स्वतः जाऊन सांगेन.

संकल्प

*

विद्याधर नगर, जयपूर
२९ मे २००७

चि. दौलत,
जयभीम.

हे पत्र गौतमीनं लिहिलं, तिनं मला वाचून दाखवलं. मग खालच्या मजल्यावरच्या शालिनीबाई आहेत, सोलापूरच्या, मास्तरीण होत्या. त्यांना वेगळं बसवून वाचायला लावलं. दोघींचं जुळलं, तेव्हा अंगठा दिला. आता घरात असा कारभार आहे.

संक्रांतीचं पत्र माझं नव्हतं. मी सांगितलं होतं, पोराला आधी पाणी पाज, प्याला तरच सही कर. त्यानं ते लिहिलं नाही. लिहिणारा तो, पण अंगठा माझा. म्हणून तू त्याला शिव्या देऊ नको, मला दे.

विहिरीचं पाणी पिऊ नको. कोणाला पिऊ देऊ नको. ते लोक जो धातू शोधतात तो आपल्या पाण्यात आहे. दिसत नाही, चवीला लागत नाही, उकळून जात नाही. सरकारनं विहीर निवडली ती गोड म्हणून नाही, विषारी म्हणून. त्यांना सारं माहीत होतं. माझ्या नातवालाही.

बाचा दोष नाही, दौलत. त्यानं पाणी शोधलं, ते त्याला दगडानं दिलं. दोष असला तर ज्यांनी आपल्याला तो माळ दिला त्यांचा, अन् आता ज्यांनी माहीत असून तोंड शिवलं त्यांचा.

संकल्प म्हणतो, महिनाभर थांब. मी म्हटलं, दौलत रोज पाणी पितो, महिन्यातून एकदा नाही.

सरपंच प्याला हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं, ते आता सांगत नाही. तू आधी त्याच्याच घरी जा. लपवशील तर मीच म्हणेन, तुझ्यात अन् माझ्या नातवात काय फरक.

पाय मोठ्या डॉक्टरला दाखव. खोटं सांगू नको मला. आपल्या घरात ते आता पुष्कळ झालं.

तुझी बाई
(अंगठा)

*

दगडपारडी
१ जुलै २००७

ती. भागूबाईस दौलतचा जयभीम.

पत्र मिळालं. यात टोमणे होते, तेव्हा तुझंच आहे हे कळलं. संक्रांतीच्या पत्रात तुझा आवाज नव्हता हे मला कळलं होतं, तरी मी अंगठ्यावर विसंबलो. बहिरा झालोय ना. चूक माझी.

त्याच दिवशी सूनबाईला घेऊन सरपंचाकडे गेलो. तो म्हणाला, खरं सांगितलंत, बरं केलंत. त्याचा आवाज मला ऐकू आला नाही, तोंडावरून समजलं. पण त्याची म्हातारी आई ओसरीवर होती. तिनं त्याला उठवून चुळा भरायला लावल्या, मी उभा असताना. अन् जे बोलली ते सूनबाईनं मला घरी आल्यावर पाटीवर लिहून दाखवलं: “माझी सासू सांगायची, त्यांच्या पाण्यात विष असतं. आम्ही नव्या काळाच्या बाया, म्हटलं जुनी माणसं अशीच बोलतात.”

आता जुनी माणसं खरी ठरली, बाई. मशीन लावून खरी ठरली.

तालुक्याहून लोक येऊन बाटली भरून घेऊन गेले, अन् एक लाल पाटी ठोकून गेले, पिण्यास अयोग्य. टँकर एक दिवसाआड येतो. तो गावात थांबतो, माळ चढत नाही. आपल्या बाया खाली जातात. कोणी काही बोलत नाही, पण आपला नंबर शेवटी लागतो. नियम नाही कुठला. लागतो.

पाटी ठोकली तरी पोरं उन्हातून येतात अन् घागर सोडतात. पाटी वाचायला शिकवता येते, तहानेला कोण शिकवणार? म्हणून वस्तीनं बैठक घेतली. विहीर बुजवायची ठरली. मला म्हणाले, तुमच्या बाची आहे, पहिली टोपली तुम्ही टाका.

बाई, तू माती वर काढलीस. मी लहान होतो, कडेला बसून बघायचो. बा खालून ओरडायचा, “भागे, ओढ!” अन् टोपली वर यायची. दहा-बारा दिवसांखाली मी त्याच कडेला उभा राहिलो. पाय सुजलेले, दोघांनी धरलं होतं. टोपली आत टाकली. पाण्यात पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. बरंच झालं.

पाच दिवस टाकत होते. भरली.

तुझा नातू त्यानंतर आला होता. पोचला तेव्हा माळावर नुसती ताजी माती होती. मी टँकरचं पाणी दिलं. प्याला.

दौलत

*

विद्याधर नगर, जयपूर
१५ जुलै २००७

संकल्प,

तू कायम झालास. तुझ्या आईनं गल्लीत घेवर वाटलं. शेजारणी येऊन मला म्हणतात, “अम्माजी, बधाई हो, पोता पक्का हो गया.” मी म्हणते, हो जी, पक्का झाला.

विहिरीजवळ गेला होतास, दौलतनं कळवलं. टँकरचं प्यालास. म्हणजे तहान तुला लागते; मला शंका होती.

वरच्यांना दुसरं पत्र लिहिणार असशील तर लिही, त्या भागातल्या बाकीच्या खोल विहिरींचं काय ते विचार. माझं नाव घाल, अंगठा पाहिजे तर देईन. पण आधी तीन माणसं वाचतील.

तुझ्या बापानं विचारलं, आई, आता पोराला घरी बोलवायचं की नाही? मी म्हटलं, वेडा आहेस का, नातू आहे माझा. राखीला गौतमी वाट बघेल. ये.

आपल्या घराची रीत तुला माहीत आहे. बाहेरून आलेल्याला दारातच पाणी. मी स्वतः उभी राहीन तांब्या घेऊन. फिल्टरचं नाही, नळाचंच असेल.

घाबरू नको. आधी मी पिऊन दाखवीन.

आजी
(अंगठा)